ओढून लागलेली सवय

"दोन दिवस ओढा, तिसऱ्या दिवशी आपोआप चालेल." घरात नवे पिल्लू आणलेल्या माणसाला हा सल्ला मिळाला नाही, असे सहसा होत नाही. शेजारी देतात, सोसायटीचे रखवालदार देतात, महिन्याच्या फीवर घरी येणारे प्रशिक्षकही देतात. रस्त्यावरून उचलून आणलेले चार-पाच महिन्यांचे गावठी पिल्लू पट्टा दिसला की सोफ्याखाली शिरते, फाटकाबाहेर पाऊल पडताच चारी पाय रोवून बसकण मारते. सल्ला देणाऱ्याच्या लेखी हा हट्ट. हट्ट मोडला की सवय लागते, हा त्यामागचा सिद्धान्त. माझे म्हणणे असे, की इथे मोडण्याजोगा हट्ट मुळात नसतो आणि तिसऱ्या दिवशी जे दिसते त्याला सवय म्हणता येत नाही.

पूर्वपक्ष मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो अगदीच पोकळ नाही. त्याचा सर्वांत भक्कम आधार अनुभवाचा आहे. पहिल्यांदा दावे लावलेले वासरू दोन दिवस ओढ घेते आणि मग गप होते. पिल्लूही गप होते, मागे मागे चालू लागते, हे हजारोंनी पाहिलेले आहे. त्याला शास्त्राचा टेकूही देता येतो: निरुपद्रवी गोष्ट वारंवार समोर आली की प्राणी तिची दखल घेणे सोडतो, हा सवयीचा नियम खराच आहे. पूर्वपक्षाचे दुसरे म्हणणे असे, की घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतले, थांबले, माघारी फिरले, तर भीतीलाच बक्षीस मिळते आणि ती वाढते. आणि तिसरे, सर्वांत लोकप्रिय: कुत्रा म्हणजे लांडग्याचा वंशज, त्याला कळपाचा म्होरक्या लागतो; कुठे जायचे हे तुम्ही ठरवले नाही तर तो ठरवेल.

तिसऱ्यावर फार शाई खर्चायचे कारण नाही. म्होरक्याची ही कल्पना मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या अभ्यासातून पसरली. त्यांनी पाहिलेले लांडगे बंदिवासात एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मेक यांनी 1970 मध्ये आपल्या गाजलेल्या ग्रंथात ती कल्पना उचलली आणि पुढे त्यांनीच ती खोडली. कॅनडाच्या एल्समेअर बेटावर रानातल्या लांडग्यांसोबत अनेक उन्हाळे काढून 1999 मध्ये त्यांनी लिहिले, की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरे. तिथे सत्तेसाठी झुंजून कोणी म्होरक्या होत नाही. ज्याने मत उचलून धरले त्यानेच ते मागे घेतल्यावरही आपल्याकडचे प्रशिक्षक ते अजून विकत आहेत, याचा मला खरोखर राग येतो. भीतीने थरथरणारे पिल्लू तुमच्या गादीवर हक्क सांगत नसते.

खरा वाद पहिल्या मुद्द्याशी आहे: तिसऱ्या दिवशीच्या गप्प बसण्याशी.

1967 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता, आणि त्याचा आधार घेतानाही ते म्हटले पाहिजे. बांधून ठेवलेल्या काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले. डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला तितकेच झटके, तितकाच वेळ, पण त्यांच्या फळीने काहीच थांबत नसे. तिसऱ्या गटाला झटकेच नव्हते. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवले जिथे मधला अडसर ओलांडला की सुटका होती. पहिला आणि तिसरा गट उडी मारायला शिकला. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे थोडी धावपळ करून खाली पडून राहिले आणि झटके सोसत राहिले. वेदना पहिल्या दोन्ही गटांना सारखीच मिळाली होती. फरक एवढाच, की आपल्या कृतीने काही बदलते हा अनुभव एका गटाला आला होता आणि दुसऱ्याला नव्हता. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी आपली उपपत्ती सुधारली: दीर्घ त्रासात निपचित होणे ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया असते, परिस्थितीवर आपला काही ताबा आहे, हेच शिकावे लागते.

आता रस्त्यावरचे पिल्लू पाहा. ते मागे रेटा देते, गळ्याला हिसका बसतो. खाली बसते, फरपटले जाते. ओरडते, कोणी थांबत नाही. आपण काही केले तर काही बदलते, हे तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला शिकायलाच मिळालेले नसते. मग ते चालू लागते: शेपूट पायांत, कान मागे चिकटलेले, पोट जमिनीलगत, समोर धरलेल्या चिकनच्या तुकड्याकडे बघायलाही तयार नाही. सवयीचा नियम इथे लागूच पडत नाही, कारण त्याची अट पूर्ण झालेली नसते. प्राणी ज्या गोष्टीची दखल सोडतो ती त्याला झेपेल इतकी सौम्य असावी लागते. रिक्षा, हॉर्न, भुंकत येणारी गल्लीतली टोळी यांच्या मधोमध गळा आवळत उभे केलेल्या जिवाची धास्ती पुनरावृत्तीने कमी होण्याऐवजी वाढूही शकते, हेही तितकेच जुने निरीक्षण आहे. सवयीचा दाखला देणारे नियमाचा हा अर्धा भाग विसरतात.

इथे जाणकार प्रतिपक्षी एक अवघड प्रश्न विचारू शकतो, आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. 1968 मध्ये सेलिगमन, मायर आणि जेम्स गीर यांनी अशाच हताश कुत्र्यांना बरे करायचा मार्ग शोधला, आणि तो मार्ग काय होता? गळ्यात दोरी बांधून त्यांना पेटीच्या दुसऱ्या बाजूला ओढून नेणे. पुष्कळ वेळा ओढल्यावर ती कुत्री स्वतःहून उडी मारू लागली. मग ओढणे उपकारक नाही का? फरक असा, की तिथे दोरीचे दुसरे टोक सुटकेकडे होते. प्रत्येक वेळी ओढले गेल्यावर झटका थांबत होता, आणि कुत्र्याला कळत होते की हललो की सुटतो. आपल्या रस्त्यावर दोरी धास्तीच्या दिशेने ओढते आणि हालण्याने काहीच थांबत नाही. हा प्रयोग माझ्याच बाजूने बोलतो: जिवाला आपल्या पावलाचा परिणाम दिसला तरच त्याच्यात बळ येते.

बांधले जाण्याच्या विरोधाची सर्वांत बोलकी नोंद मात्र याहून जुनी आहे, आणि ती खुद्द रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांची. 1917 च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत एक कुत्रा आला. एरवी माणसांशी गोड, पण प्रयोगाच्या चौथऱ्यावर पट्ट्यांनी बांधला की अस्वस्थ होई, धडपडे, त्याची लाळ गळतच राही. पावलोव्ह आणि त्यांचे सहकारी गुबेरग्रिट्स यांनी याला स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया असे नाव दिले. बंधनाला विरोध हा त्यांनी जन्मजात प्रतिक्रियांमध्ये मोजला, स्वभावाच्या खोडीत नाही. आणि उपाय? त्यांनी कुत्र्याला अन्न फक्त त्या चौथऱ्यावरच देणे सुरू केले. आधी तो नीट खाईना, वाळला. हळूहळू तिथेच पोटभर खाऊ लागला आणि विरोध मावळला. उपाशी ठेवायची ही रीत मी कोणाला सुचवणार नाही. पण विरोध ताकदीने दाबण्याऐवजी त्याच्यासमोर दुसरी, तितकीच जोरकस ओढ उभी करायची, हे तत्त्व तिथे स्पष्ट दिसते. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलावर तेच तत्त्व कोमलपणे वापरले: मूल आवडीचे खात असताना ससा दूर ठेवायचा, त्याला झेपेल तेवढाच जवळ आणायचा.

यातच दुसऱ्या मुद्द्याचेही, म्हणजे जवळ घेतल्याने भीतीला बक्षीस मिळते या म्हणण्याचेही, उत्तर आहे. खाऊ दिल्याने पीटरची भीती वाढली नाही, कमी झाली. बक्षिसाने वाढते ती कृती. बसणे कुत्र्याच्या हातात असते म्हणून बिस्किटासाठी ते बसायला शिकते; छातीची धडधड त्याच्या हातात नसते. घाबरलेल्या पिल्लापाशी शांत बसून राहिल्याने, त्याला हवे असेल तर अंगाशी टेकू दिल्याने ते भित्रे होत नाही. उलट शिक्षेने काय होते याची मोजणी झालेली आहे. 2020 मध्ये पोर्तुगालमधल्या प्रशिक्षणवर्गांतल्या 92 कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; हिसके-दटावणीवर चालणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचे संप्रेरक जास्त वाढलेले आढळले. गळ्यातला पट्टा ताणला की डोळ्यांतला दाब वाढतो आणि छातीवरच्या पट्ट्याने तसा वाढत नाही, हे 2006 मध्येच नोंदले गेले.

मग हे पिल्लू इतके का घाबरते? जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे पाच जातींच्या पिल्लांवर वर्षानुवर्षे काम केले आणि 1965 मध्ये ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेते, हा त्यातला प्रसिद्ध निष्कर्ष. तिथेच झालेल्या 1961 च्या प्रयोगात चौदा आठवडे माणसांवाचून वाढलेली पिल्ले रानटी प्राण्यांसारखी वागली. आपण रस्त्यावरून उचलतो ते पिल्लू बहुधा ओळखीची ही खिडकी मिटत आल्यावर, किंवा मिटल्यावर, घरात येते. गाड्या, गर्दी त्याने पाहिलेली असते. गळ्याला काही बांधून एका जागी अडकणे त्याने पाहिलेले नसते. पळून सुटायचे, एवढीच युक्ती त्याला ठाऊक, आणि पट्टा नेमकी तीच काढून घेतो. स्कॉट-फुलर यांनी पिल्लांना पट्ट्याने चालवून पाहण्याचीही चाचणी घेतली होती. बासेंजी सर्वांत जास्त झगडले, बीगल आवाज करत राहिले. विरोध जातीजातीने वेगळा दिसतो. म्हणून आरडाओरडा न करणाऱ्या पिल्लाला काही वाटत नाही, असे धरून चालू नये.

आता मंडन. पट्टा आधी जमिनीवर पडू द्यावा, जेवणाच्या ताटलीशेजारी. तो पाहून पिल्लू शेपूट हलवत येऊ लागले की मग अंगावर, क्षणभर, आणि लगेच काढायचा. छातीचा पट्टा घ्यावा. पण घाबरलेले कुत्रे मागे सरकत त्यातून निसटते, म्हणून तो नीट बेताचा हवा आणि सुरुवातीला दोरी गळपट्ट्यालाही जोडलेली असावी. मग घरातच, डोळ्यांदेखत, दोरी मागे सरपटू द्यावी. नंतर टोक हातात, पण सैल. दाराचा उंबरठा हा वेगळा धडा आहे, जिना वेगळा, फाटक वेगळे. पहाटे, रिक्षा सुरू होण्याआधी जावे. पिल्लू थिजले की आपणही थांबायचे, दोरी ढिली सोडायची, कडेला तोंड करून उकिडवे बसायचे आणि वाट पाहायची. ते माघारी वळले तर माघारी वळायचे. यालाच लोक शरण जाणे म्हणतात. माझ्या मते सगळ्या शिकवणीचा गाभा हाच आहे, कारण थांबावेसे वाटले तर थांबता येते हे ज्याला कळले, तोच पुढचे पाऊल टाकायचे धाडस करतो.

प्रगती कशी ओळखायची? अंतर मोजू नये. बाहेर असताना ते खाते का, जमीन हुंगते का, अंग झटकते का, मान वळवून तुमच्याकडे बघते का, हे पाहावे. फाटकापासून चार पावलांवर निवांत हुंगणारे पिल्लू अख्खी गल्ली फरपटत आलेल्या पिल्लापेक्षा पुढे आहे.

पूर्वपक्षातला एक खरा अंश मी नाकारत नाही: घरातच ठेवून भीती जात नाही. सतत कडेवर घेऊन फिरणारेही पिल्लाचे भले करत नाहीत. बाहेर न्यायलाच हवे, पण मात्रा पाहून. राहिली अडचण वेळेची. शी-शूसाठी दिवसातून चार वेळा खाली न्यावे लागते, तेव्हा थांबायला सवड कुठली, असे विचारतात. तोवर बाल्कनीत वर्तमानपत्र किंवा गवताचा ट्रे ठेवावा, नाहीतर उचलून शांत कोपऱ्यात न्यावे. शिकवणी वेगळ्या वेळी. आणि महिनाभर असे करूनही पिल्लू उंबरठ्यापाशीच थरथरत असेल, तर प्रशिक्षक बदलण्याआधी पशुवैद्य गाठावा. दुखरी कंबर, पंजातली जखम, कानातला संसर्ग यांनीही कुत्रे पाय रोवते, आणि काही भीती इतकी खोल असते की शिकवणीसोबत औषधेही लागतात.