लुकासचे ‘एक्के होमो’
१७. ‘एक्के होमो’ : लुकास व्हान लायडन या डच कलावंताने १५१० साली ताम्रपटावर कोरलेले मुद्राचित्र. लॅटिन शीर्षकाचा अर्थ ‘पाहा, हा मनुष्य’. काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूला रोमन सुभेदार पिलात जमावापुढे उभा करतो, तो हा प्रसंग (योहान, अध्याय १९).

मूळ मजकुरातील ‘गर्दीत हरवलेला ख्रिस्त’ हा उल्लेख या चित्राच्या मांडणीला उद्देशून आहे. पुढचा सारा भाग बघ्यांनी व्यापलेला. येशू मात्र दूर चौथऱ्यावर, अगदी लहान. धार्मिक चित्रातला हा धाडसी निर्णय! लुकासचा जन्म परंपरेप्रमाणे १४९४चा मानला, तर तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता.

रेम्ब्रांटने १६५५मध्ये याच विषयावर चित्र कोरताना लुकासची ही मांडणी आधाराला घेतली.