बाजरीचा ‘गोसावी’
राजस्थान-हरियाणाच्या रेताड, निकस जमिनीत, जेथे ज्वारीही तग धरीत नाही, तेथे बाजरी पिकते. लुधियाना येथे सिद्ध झालेला ‘एचबी-१’ हा संकरित वाण १९६५ साली प्रसृत झाला व उत्पादनवाढीचा मार्ग खुला झाला. तथापि या मालेतील वाणांची मातृवंशावळ ‘टिफ्ट २३ ए’ ही एकच होती. १९७० नंतर ती केवडा रोगास बळी पडली. कणसांत दाण्यांऐवजी पानांच्या जटा वाढल्या; या विकृतीस मराठी शेतकरी ‘गोसावी’ म्हणतो. बटलर यांनी या रोगाचे वर्णन १९०७ मध्येच केले होते. रोग जुनाच, नवी होती ती पिकाची एकरूपता. पुढे २००५ साली हरियाणात ‘एचएचबी ६७’ या लवकर पिकणाऱ्या वाणाची रोगप्रतिकारक्षम आवृत्ती आली. तात्पर्य, उत्पन्नवाढीइतकीच वाणांची विविधता राखणे अगत्याचे होय.