पांढऱ्या प्रकाशाचे अंतरंग

लोलकातून जाणारा सूर्यप्रकाश सात रंगांत विभागला जातो, हे प्रत्येकाने शाळेत 'तानापिहिनिपाजा' या सूत्रासह पाठ केलेले असते. मात्र या पट्ट्यात पांढरा रंग कोठेच का नसतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर घरातील दिव्याच्या निवडीपासून साडीच्या खरेदीपर्यंत अनेक ठिकाणी उपयोगी पडणारे आहे.

दृश्य प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय प्रारणाचा एक अरुंद पट्टा. साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रारण मानवी डोळ्याला दिसते. यात जांभळ्या रंगाची तरंगलांबी सर्वांत कमी, तर तांबड्याची सर्वाधिक असते. तांबड्यापलीकडील अवरक्त किरणांचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये तापमापकाच्या साहाय्याने लावला, तर जांभळ्यापलीकडील अतिनील किरण योहान रिटर यांनी १८०१ मध्ये शोधले.

न्यूटनचा प्रयोग

प्रकाश मुळात शुद्ध पांढरा असतो आणि काच त्याला रंग चढवते, असा समज सतराव्या शतकापर्यंत रूढ होता. आयझॅक न्यूटन यांनी १६६६ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रयोगांतून तो खोडून काढला. लोलकातून बाहेर पडलेल्या पट्ट्यातील एकच रंग त्यांनी दुसऱ्या लोलकातून जाऊ दिला. काच रंग चढवत असती, तर येथेही नवे रंग दिसायला हवे होते. परंतु तांबडा तांबडाच राहिला. सर्व रंग भिंगाने पुन्हा एकत्र आणताच पांढरा प्रकाश परत मिळाला. हे निष्कर्ष १६७२ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा रॉबर्ट हूक यांनी त्यांवर आक्षेप घेतले. न्यूटन यांचा 'ऑप्टिक्स' हा ग्रंथ १७०४ मध्ये प्रकाशित झाला.

वर्णपटातील रंगांमध्ये सीमारेषा नसतात. एक रंग दुसऱ्यात सलगपणे मिसळत जातो. सात ही संख्या न्यूटन यांनी संगीतातील स्वरांशी साधर्म्य कल्पून निश्चित केली होती.

रंग डोळ्यांत, मेंदूत

मानवी दृष्टिपटलावर शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात. या तिन्ही प्रकारच्या पेशी संतुलित प्रमाणात उद्दीपित झाल्या, की पांढऱ्या रंगाची जाणीव होते. पांढरा म्हणजे एखादी विशिष्ट तरंगलांबी नव्हे, तर अनेक तरंगलांबींच्या मिश्रणाचा मेंदूने लावलेला अर्थ होय. त्यामुळेच दूरचित्रवाणीचा किंवा मोबाइलचा पडदा केवळ तांबड्या, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांतून पांढरा रंग उभा करू शकतो. 'राणी' रंगही वर्णपटात नाही. तांबडा आणि निळा-जांभळा प्रकाश एकाच वेळी डोळ्यांत शिरल्याने तो दिसतो.

सर्व पांढरे सारखे नसतात

वेगवेगळ्या मिश्रणांतून एकसारखाच पांढरा दिसू शकतो, ही बाब व्यवहारात महत्त्वाची ठरते. बहुतेक पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळा प्रकाश देणारा अर्धवाहक आणि त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप असतो. कार्यक्षम निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा दिव्यात खोल तांबड्या प्रकाशाचे प्रमाण कमी असेल, तर तांबड्या वस्तू निस्तेज दिसतात. कारण जो रंग प्रकाशातच नाही, तो वस्तूकडून परावर्तित होऊ शकत नाही.

मॅचिंग सेंटरच्या दिव्याखाली तंतोतंत जुळलेले साडी आणि ब्लाऊजपीस उन्हात विजोड दिसतात, ते याच कारणाने. दोन्हींचे रंगद्रव्य वेगळे असल्यास एका प्रकाशातील साम्य दुसऱ्या प्रकाशात टिकेलच असे नाही. कावीळीतील त्वचेचा पिवळेपणा किंवा प्राणवायू कमी पडल्याने ओठांवर येणारी निळसर झाक ओळखतानाही दिव्याची प्रत निर्णायक ठरू शकते.

दिव्याच्या वेष्टनावर अनेकदा 'सीआरआय' हा आकडा छापलेला असतो. दिवा वस्तूंचे रंग किती यथातथ्य दाखवतो, याचे ते माप असून कमाल मूल्य १०० असते. केल्विनमधील आकडा मात्र प्रकाश पिवळसर की निळसर एवढेच सांगतो. अधिक केल्विन म्हणजे अधिक अचूक रंग नव्हे. वेष्टनावर सीआरआय नसेल, तर कापड दुकानाच्या दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहण्याची जुनी रीत आजही शास्त्राला धरूनच आहे.