कॅस्पियनच्या चिखलात सोडलेला किडा

रेवदंड्याचं अफानासी निकितीनचं स्मारक तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. पंधराव्या शतकातला हा रशियन व्यापारी चौलला पोहोचला तो व्होल्गा आणि कॅस्पियनच्या वाटेनं. आजचा विषय त्या वाटेवरचाच आहे. व्होल्गा जिथे कॅस्पियनला मिळते तिथे तळाच्या चिखलात माशांना खायला काय मिळतं, एवढाच तो प्रश्न. पण त्यावर कॅव्हिअरचा सगळा व्यापार उभा होता.

उत्तर कॅस्पियन म्हणजे एक अवाढव्य खाडीच समजा. सरासरी खोली जेमतेम पाच-सहा मीटर. नदीच्या तोंडाशी पाणी जवळजवळ गोडं, पुढे गेलं तरी महासागराच्या एक तृतीयांशच खारट. नदीत जन्मलेली स्टर्जनची पिल्लं वाहत इथे येतात आणि चरतात. चरतात हाच शब्द योग्य, कारण हा मासा तळाशी मिशा घासत फिरतो. तोंडापुढच्या चार मिशांना भक्ष्य लागलं की खालच्या बाजूचं तोंड नळीसारखं बाहेर काढून ते ओढून घेतो. वाढत्या स्टर्जनला दात नसतात, त्यामुळे चिखलातले किडे, झिंग्यासारखे बारीक जीव, पातळ कवचाचे शिंपले यांवर त्याचं पोट. बेलुगा तेवढा लवकर मासे खायला लागतो, त्याची गोष्ट वेगळी.

१९३० च्या दशकात कॅस्पियनची पातळी झपाट्यानं खाली गेली, दहा-बारा वर्षांत जवळपास पावणेदोन मीटर. उथळ समुद्रात याचा अर्थ काय होतो? कुरणच आटतं. त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. काळ्या समुद्राकडून रेल्वेनं बाकूला आणलेल्या होड्यांना चिकटून मायटिलास्टर नावाचा छोटा शिंपला आला, असं मानतात. जाड कवचाच्या या उपऱ्यानं स्थानिक शिंपल्यांना बऱ्याच ठिकाणी हटवलं.

अशा वेळी मॉस्को विद्यापीठातले लेव झेंकेविच आणि त्यांचे सहकारी बिर्श्टेन यांनी एक कल्पना मांडली. कॅस्पियन बाकीच्या समुद्रांपासून फार काळ तुटलेला आहे, म्हणून तळाचा गाळ खाणारे कित्येक जीव तिथे नाहीतच. चिखल आहे, त्यात कुजलेला पाला-कचरा आहे, पण तो खाऊन त्याचं मांस करणारं कोणी नाही. मग शेजारच्या अझोव्ह समुद्रातून असा जीव आणून सोडला तर? निवड झाली नेरीसची. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्यांनी याच्या जातभाईचं चित्र काढून वहीवर सही घेतलेली असणार! कमी खारं पाणी चालतं, प्राणवायू थोडा असला तरी तगतो, गाळ खातो.

१९३९ ते १९४१ या काळात सुमारे ६१ हजार नेरीस आणि अ‍ॅब्रा नावाच्या शिंपल्याचे सुमारे १८ हजार जीव सोडले गेले. समुद्राच्या मानानं हा आकडा मूठभर दाण्यांएवढा. मग युद्ध आलं.

साधी शंका अशी होती, की हा किडा बिळात राहतो, माशाला तो सापडणार कसा? तिचं उत्तर माशांच्या पोटातच मिळालं. १९४४ साली स्टर्जनच्या जठरात नेरीस सापडले. १९४८ पर्यंत किडा उत्तर कॅस्पियनच्या सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर तळावर पसरला होता. अ‍ॅब्राला वेळ लागला, तो पन्नाशीच्या दशकात दिसू लागला.

इथपर्यंत गोष्ट यशाचीच आहे, आणि अनेक पुस्तकं ती इथेच थांबवतात. मला ते पटत नाही. १९५८ मध्ये व्होल्गोग्राडपाशी नदी अडवली गेली. बेलुगाची अंडी घालण्याची जवळजवळ सगळी ठिकाणं धरणाच्या वर राहिली, रशियन स्टर्जनचीही बहुतेक गेली. म्हणजे जेवण वाढून ठेवलं आणि पाळणाघराचं दार बंद केलं. मग हॅचरीत पिल्लं वाढवून लाखोंनी सोडायला लागले. ती पिल्लं जगली त्यात या किड्याचा वाटा नक्कीच होता.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत स्टर्जनची वर्षाची पकड सुमारे २५ हजार टनांवर गेली. यात श्रेय किड्याचं किती, हॅचरीचं किती, आणि खुल्या समुद्रातली स्टर्जनची मासेमारी थांबवली त्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही, कारण सगळं एकाच सुमारास झालं. मी स्वतः मासेमारीबंदीला जास्त गुण देईन. कारण १९९१ नंतर सोव्हिएत संघ मोडला, पहारा संपला, चोरटी मासेमारी बोकाळली, आणि दहा वर्षांच्या आत पकड दहाव्या हिश्श्याच्याही खाली आली. त्या दहा वर्षांत चिखलातला किडा जागेवरच होता.

तो आजही आहे. पाणी मात्र पुन्हा हटतंय. कॅस्पियनची पातळी आता महासागराच्या पातळीपेक्षा २९ मीटरांहून खाली गेली आहे, आणि सगळ्यात उथळ असल्यामुळे उत्तरेचा हाच पट्टा आधी कोरडा पडतो.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.