बास गिटार वाजते, पण ऐकू का येत नाही? ॲम्प लावायची गोष्ट, सोप्या भाषेत

नवरात्रात संध्याकाळी नालासोपारा पूर्वेला आचोळे रोडवरून चक्कर मारा. एखाद्या मंडपात ऑर्केस्ट्रा लागलेला असतो. गायिकेचा आवाज खणखणीत, ऑक्टोपॅड कडक, कीबोर्डही झकास. बास गिटारवाला दादा मात्र मन लावून वाजवत असतो आणि त्याच्या स्पीकरमधून एकच आवाज येत असतो: घूंऽऽ. छातीत हादरे बसतात, पण सूर कुठला ते काही कळत नाही.

मग मंडळातलं कोणीतरी ओरडतं, "बास वाढव रे!" तो बासचं बटण फिरवतो. घूं आणखी वाढतो.

घोळ इथंच होतो. कार्यक्रमात बास गिटार नीट ऐकू यावी असं वाटत असेल, तर बहुतेक वेळा बासचं बटण वाढवायचं नसतं, कमी करायचं असतं. कसं ते बघूया.

बास म्हणजे नेमकं काय?

चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, म्हणजे ४१ हर्ट्झ. बाकीच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. साध्या गिटारच्या जाड चार तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली. ४१ हर्ट्झची एक लाट हवेत सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असते. एकामागे एक तीन रिक्षा उभ्या केल्या तरी तिची लांबी थोडी जास्तच भरेल.

आपले कान इतक्या खालच्या आवाजाला मंद असतात. पण तार छेडली की फक्त ४१ हर्ट्झ निघत नाही. त्यासोबत ८२, १२३, १६४ असे वरचे सूरही निघतात. 'हा सूर अमुक' हे आपल्याला मुख्यतः त्यांच्यावरून कळतं. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही, तरी रीलमधल्या गाण्याचा बास आपण ओळखतो. वरच्या सुरांवरून मेंदू खालचा सूर जुळवून घेतो.

थोडक्यात, बासचं वजन खाली असतं, पण ओळख मधल्या पट्टीत असते.

मग ॲम्पची बटणं कशी लावायची?

सुरुवातीला बास, मिड, ट्रेबल ही तिन्ही बटणं मधोमध ठेवा, घड्याळात बारा वाजल्यासारखी. मास्टर व्हॉल्यूम बंद. आता कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवणार तितक्या जोरात तार छेडा आणि गेन हळूहळू वाढवा. क्लिपचा लाल दिवा लुकलुकायला लागला की थोडं मागे या. गेन नीट बसला. आता मास्टर उघडा.

यापुढे चार पट्ट्या लक्षात ठेवा.

४० ते ८० हर्ट्झ: हादरा. थोडाच हवा.
८० ते २०० हर्ट्झ: भरीवपणा.
२५० ते ५०० हर्ट्झ: जास्त झाला की सगळं गढूळ होतं.
७०० ते १००० हर्ट्झ: इथं सूर सुटा आणि स्पष्ट होतो.

बास ऐकू येत नाही असं वाटलं तर आधी मिड थोडा वाढवा. तरीही घुमत असेल तर बास कमी करा. घरी एकट्यानं वाजवताना हा आवाज जरा नाकातला वाटेल. घाबरू नका. बाकीची वाद्यं वाजायला लागली की तोच आवाज गर्दीतून वाट काढतो.

बटणांइतकीच जागा महत्त्वाची

ॲम्प भिंतीला चिकटवला की खालचा आवाज वाढतो. कोपऱ्यात ठेवला तर आणखी वाढतो. काँक्रीटच्या हॉलमध्ये तो भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे एका खुर्चीवर कानठळ्या बसतात आणि चार पावलांवर बास गायब होतो. म्हणून ॲम्प भिंतीपासून पुढे ओढा.

दुसरं म्हणजे पोकळ फळ्यांचं स्टेज स्वतःच ढोलासारखं वाजतं. ॲम्प थेट फळ्यांवर न ठेवता मजबूत स्टूलवर किंवा पेटीवर ठेवा. याचा आणखी एक फायदा आहे. खाली ठेवलेला ॲम्प वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकू जातो, कानांना नाही. मग तो आवाज वाढवत राहतो आणि पहिल्या रांगेतल्या काकू कानात बोटं घालतात.

साउंडचेकच्या वेळी एकाला वाजवायला लावा आणि स्वतः हॉलभर फिरून ऐका. गर्दी आली की माणसं आणि त्यांचे कपडे वरचा आवाज शोषतात, खालचा फारसा शोषत नाहीत. म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये बरोबर वाटलेला बास भरल्या हॉलमध्ये जड वाटू शकतो.

भांडण कोणाशी होतं?

कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताशी. तोही खालचे सूर वाजवत असेल तर दोघांचा मिळून चिखल होतो. खालची पट्टी एकानंच सांभाळायची, हे आधी ठरवून घ्या. गायकांच्या माइकवर साउंडवाल्याला लो-कट लावायला सांगा, म्हणजे स्टेजवरचा घूं माइकमधून पुन्हा आत शिरणार नाही.

मंडप मोठा असेल तर सगळा भार ॲम्पवर टाकू नका. बहुतेक ॲम्पच्या मागे डीआय आउट असतो. तिथून थेट मिक्सरला वायर द्या. आवाज पब्लिकपर्यंत नेण्याचं काम मोठे स्पीकर करतील, ॲम्प फक्त वाजवणाऱ्यासाठी राहील.

वॅट आणि ओहमची भानगड

वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वाढ होते फक्त ३ डेसिबलची. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यातून खालच्या सुरांना जास्त ताकद लागते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन हा खास ॲम्प आला. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा एसव्हीटी आला तो ३०० वॅटचा. साध्या गिटारच्या छोट्या ॲम्पमध्ये बास जोरात वाजवली तर स्पीकर फाटू शकतो, हे यावरून लक्षात येईल.

ॲम्पच्या मागे 'कमीत कमी ४ ओहम' असं लिहिलं असेल तर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडता येतात, मिळून ४ होतात. ४ ओहमचे दोन जोडले तर २ होतात आणि ॲम्प तापून बंद पडू शकतो. शिवाय ॲम्प ते स्पीकर यांच्यामध्ये गिटारची वायर लावू नका, जाड स्पीकर वायरच लावा.

हा भाग वगळू नका: अर्थिंग

काहीच वाजवत नसताना सतत 'हूंऽऽ' येतोय? आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा सूर ४९ हर्ट्झचा. त्यामुळे ही गुणगुण बासमध्ये सहज मिसळते. ती घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. असं कधीच करू नका. गिटारच्या तारा ॲम्पमार्गे अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग गेलं, ॲम्पमध्ये बिघाड झाला आणि तारेवर हात असताना ओठ माइकला लागले, तर करंट थेट शरीरातून जातो. पावसात ओल्या झालेल्या मंडपात तर हे जिवावर बेततं. स्टेजवरची वाद्यं आणि माइकची यंत्रणा एकाच अर्थिंगवर घ्या आणि कार्यक्रमाआधी वायरमनकडून अर्थिंग आणि आरसीसीबी तपासून घ्या.

आणि शेजारी?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं.

पण यात एक गंमत आहे. ही मर्यादा ज्या पद्धतीनं मोजतात, त्यात ५० हर्ट्झच्या आवाजातून साधारण ३० डेसिबल वजा होतात, कारण कानालाही तो कमीच ऐकू येतो. म्हणजे मीटरवर आकडा फार दिसत नाही, पण भिंत ओलांडायला खालच्या लाटा सगळ्यात पटाईत. आचोळ्यासारख्या खेटून उभ्या इमारतींच्या भागात गायिकेचा आवाज खिडकी बंद केली की कमी होतो, घूं मात्र पलंगापर्यंत पोहोचतो. तिथं कोणाचं बाळ झोपलेलं असतं, कोणी पहाटेची विरार लोकल पकडणार असतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी "बास वाढव" म्हणालं तर आधी मिड वाढवून बघा. गाण्यातला बास पब्लिकला कळेल आणि समोरच्या बिल्डिंगलाही झोप लागेल.