श्रावणानंतरचा सर्प

वेसाव्याची खाडी तरीने ओलांडून मढच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मनुष्यास तेथील हिवाळ्याची ओळख थंडीपेक्षा वाऱ्याच्या दिशेवरून अधिक होते. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा कोळीवाड्यातल्या वलांडींवर टांगलेल्या बोंबलांतून खेळत असतो, आणि रात्र चढू लागली की जमिनीकडून समुद्राकडे निघालेला कोरडा मतलई वारा, पोर्तुगीजांनी बांधलेल्या व १७३९ साली मराठ्यांच्या अंमलाखाली आलेल्या येथील किल्ल्याच्या दगडांत दिवसभर साठलेली ऊब हळूहळू हिरावून नेतो. जानेवारी १९६२ मध्ये सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद असली, तरी असे प्रसंग विरळा. एरवी सोळा-सतरा अंशांची रात्र येथील माणसाला सुखाचीच वाटते. परंतु ज्या प्राण्याला आपल्या देहाची उष्णता बाहेरून, सूर्यापासून, तापलेल्या शिळेपासून वा जमिनीच्या पोटातून मिळवावी लागते, त्या सर्पाला तीच रात्र एखाद्या काचेच्या पेटीत काढावी लागली, तर त्याचे पचन मंदावते, हालचाल जड होते आणि श्वसनाचे विकार त्याला गाठतात. अलीकडे मुंबईच्या उपनगरांत हौसेने साप पाळणारी घरे आढळू लागली असल्यामुळे, बंदिवान सापाचा हिवाळा आपल्या प्रांतात पूर्वी कोणी आणि कसा सांभाळला, हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने विचारण्याजोगा झाला आहे.

महाराष्ट्रात साप बाळगण्याची रूढी जुनी आहे, पण ती हिवाळ्यापर्यंत पोचतच नसे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे, गोरक्षनाथांच्या कथेशी जोडलेल्या परंपरेनुसार, गावकरी नागपंचमीच्या आधीचे काही आठवडे शिवारात हिंडून नाग धरीत, मडक्यांत ठेवीत, पंचमीच्या दिवशी त्यांची पूजा करून मिरवणूक काढीत, आणि उत्सव सरला म्हणजे त्यांना पुन्हा रानात सोडून देत. मडक्यातला तो मुक्काम नागाला सुखाचा होता असे म्हणवत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे न्यायालयाने जिवंत नागांच्या पूजेस आळा घातला, ते योग्यच झाले असे मी मानतो. परंतु त्या रूढीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी होती, ती म्हणजे कैदेला मुदत होती. श्रावणाची हवा दमट व उबदार असते, आणि कार्तिकातली थंडी पडण्याच्या कितीतरी आधी तो प्राणी आपल्या बिळात परत गेलेला असे.

गारुड्याची गोष्ट निराळी. त्याच्या वेताच्या टोपलीत नाग बारमाही असे. पण विषदंत उपटल्यामुळे तोंडात चिघळलेली जखम आणि पंचमीच्या दिवशी तहानेने व्याकूळ होऊन त्याने दूध प्यावे म्हणून आधी घडवलेला उपवास, यांतून तो नाग सहसा फार दिवस जगत नसे. एक मेला की दुसरा धरायचा, हाच त्या धंद्याचा रिवाज असल्यामुळे हिवाळ्यात सापाला ऊब देण्याची जबाबदारी तेथे कोणी कधी उचललीच नाही. त्या धंद्यामागचे दारिद्र्य मी विसरत नाही. तरीही त्या टोपलीत जे मुकाट्याने मरत आले, त्याची दखल इतिहासाने घेतली पाहिजे.

मोकळ्या सापाची हिवाळ्याची तजवीज पाहिली, म्हणजे बंदिवासात त्याच्यापासून काय हिरावले जाते ते कळते. वारुळाच्या आत, बाहेरच्या हवेचा चढउतार फारसा न पोचणाऱ्या पोकळ्यांत नाग शिरून बसतो. उंदरांची बिळे, दगडी गडग्यांच्या सांदी, खळ्यालगतची पेंढ्याची उडवी, ही त्याची हिवाळी बिऱ्हाडे. तो तेथे निजून राहतो असेही नाही. सकाळचे ऊन बिळाच्या तोंडाशी आले की बाहेर येऊन अंग शेकतो आणि पुरेसे तापल्यावर आत सरकतो. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगर साळिंदरांनी खोदलेल्या बिळांत थंडी काढतात आणि दुपारी उन्हात येऊन वेटोळी पसरतात, हे अभ्यासकांनी बारकाईने नोंदले आहे. अजगराच्या मादीची तर आणखी विलक्षण गोष्ट आहे: अंड्यांभोवती वेढे घालून, स्नायू वारंवार आकुंचित करीत, ती स्वतःच्या देहात उष्णता उत्पन्न करते. फ्रेंच प्रवासी लामार-पिको याने हे सांगितले तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी विश्वास ठेवला नाही. पुढे १८४१ साली व्हॅलेन्सियेन याने तेथील प्राणिसंग्रहालयातल्या मादीच्या वेटोळ्यात तापमापक ठेवून ते सिद्ध केले. सापाच्या आयुष्यातली मूलभूत गोष्ट म्हणजे ऊब निवडण्याचे स्वातंत्र्य. पेटीत नेमके तेच उरत नाही.

सरकारदरबारी मात्र दीर्घकाळ साप हा बक्षिसाचा विषय होता. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांच्या मुंडक्यांवर इनाम लावले असता सहा वर्षे दरसाल सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली, असा हिशेब इंग्रजी अमदानीच्या दप्तरात आहे. हा आकडा वाचताना मन विषण्ण होते. त्याच काळात, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन वैद्यकवेत्ते होते. मद्याचे व्यापारी हर्बर्ट फिप्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या विषारी सापांवर सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले, आणि सापाकडे मारण्याच्या नव्हे, तर समजून घेण्याच्या दृष्टीने पाहण्याची सवय येथील सुशिक्षितांना लागू लागली.

तथापि साप बारमाही, जिवंत आणि निरोगी ठेवण्याची खरी निकड निर्माण केली ती प्रतिविषाने. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा वाढत्या क्रमाने टोचून त्याच्या रक्तातून औषध काढावयाचे, तर विषाचा पुरवठा अखंड हवा. आणि उपाशी, गारठलेला साप पुरेसे विष देत नाही. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली आलेली आणि १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाणारी संस्था या कामाचे आपल्याकडील केंद्र बनली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे औषध तेथे तयार होऊ लागले. हिमालयाच्या कुशीत, सुमारे सहा हजार फुटांवर वसलेल्या कसौलीच्या संस्थेतही प्रतिविष बनत असे. त्या बर्फाच्या मुलुखाशी तुलना करता समुद्राने वेढलेले परळ पाऱ्याच्या दृष्टीने भाग्यवानच म्हटले पाहिजे. संस्थेच्या सर्पालयातील सापांपासून किती विष मिळते याच्या नोंदी डॉ. पु. ज. देवरस यांनी वर्षानुवर्षे ठेवल्या, आणि १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पुस्तकाने ते ज्ञान प्रयोगशाळेबाहेर नेले. बंदिवासातल्या सापाचे आयुष्य महिन्यामहिन्याने टिपण्याचे हे काम मला फार मोलाचे वाटते.

पुढे पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० च्या जानेवारीत ७२ विषारी सापांसह ७२ तास एका काचेच्या खोलीत काढले आणि १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. धरलेला साप मारण्याऐवजी सर्पमित्राच्या हाती देण्याचा प्रघात त्यानंतर दृढ झाला.

आज मढच्या एखाद्या घरात जो साप पाळलेला दिसेल तो कायद्याप्रमाणे आपला नाग, धामण वा अजगर असू शकत नाही; तो असेल पश्चिम आफ्रिकेतला छोटा बॉल पायथन किंवा अमेरिकेतला कॉर्न स्नेक. अशा परदेशी प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत केंद्र सरकारने २०२० साली दिली, आणि २०२४ च्या नियमांनी त्यांपैकी आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या जातींची नोंदणी सक्तीची केली. दाखला मिळाला म्हणजे पालकाचे काम संपले असे नव्हे. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकास ३१ ते ३३ अंशांची ऊब आणि दुसऱ्या टोकास २५-२६ अंशांचा गारवा लागतो, आणि दोन्हीकडे लपण्यास जागा हवी, म्हणजे मोकळा साप बिळात जी निवड करतो ती त्याला येथेही करता येईल. पेटीच्या तळाच्या एक-तृतीयांश भागाखालीच तापणारी चटई असावी आणि तिला थर्मोस्टॅट अवश्य जोडलेला असावा, कारण पोटाखालून चटका बसत असतानाही साप पुष्कळदा तेथून हलत नाही. नुसता दिवा लावणे मढसारख्या ठिकाणी अपुरे पडते. मतलई वाऱ्याने आधीच कोरडी झालेली हवा दिव्याने अधिक कोरडी होते आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते, म्हणून ओलसर शेवाळाची एक डबी आत ठेवावी.

वीज गेली तर गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून टेकवावी, वर घोंगडी टाकावी आणि वारा येण्यापुरती फट राखावी. मुख्य म्हणजे उंदीर गिळलेल्या सापाला त्या रात्री गारठू देऊ नये. पोटातले भक्ष्य न पचता कुजते आणि साप ते ओकून टाकतो. असे झाले, तर पुढे निदान दोन आठवडे त्याला केवळ पाणी व ऊब द्यावी, आणि पारा रात्रंदिवस स्थिर राहत असल्याची खात्री झाल्यावरच नेहमीपेक्षा लहान उंदीर पुढे करावा.