उस्ताद आणि त्याची मजुरी

पुण्या-मुंबईचा माल एके काळी बैलांच्या पाठीवर बोरघाट चढत असे. १८३० साली तिथे गाडीरस्ता झाला, पुढे ट्रक आले. रस्त्याचा इतिहास लिहिला गेला. हाकणाऱ्याच्या मजुरीचा कोण लिहिणार?

थोडी हकिकत कायद्यात सापडते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम ठरवले, लांब पल्ल्यासाठी १० पर्यंत मुभा दिली. पण तो लागू झाला पाच किंवा अधिक कामगार असतील तिथेच. एक-दोन ट्रकांचे मालक सुटले, आणि आपल्याकडे बहुतेक मालक तसेच! २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, घाटातला वेळ वाचला. मात्र मजुरी फेरीवर असेल, तर तो वेळ झोपेला मिळत नाही, पुढच्या फेरीत जातो.

आमच्या उर्दू शाळेतल्या कित्येक मुलांचे अब्बा ट्रकवर आहेत. पालकसभेला बहुधा अम्मीच येतात. अब्बा कधी आलेच, तर पगाराचे विचारल्यावर गप्प होतात. खंबाटकी घाटाचे विचारले की खुलतात. क्लीनर असताना उस्तादाच्या किती शिव्या खाल्ल्या, मग स्टिअरिंग कसे हाती आले, हे सांगताना त्यांचा चेहरा पाहावा. हे समाधान आम्हाला खोटे वाटत नाही. मालकाने ते पगारात धरू नये, इतकेच.

जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चाके थांबवली, ती पगारासाठी नव्हे. अपघातानंतर न कळवता निघून गेल्यास १० वर्षांपर्यंत कैद, या नव्या तरतुदीविरुद्ध. थांबलो तर जमाव मारतो, असे त्यांचे म्हणणे. त्या संपात आमच्या एका विद्यार्थ्याचे अब्बा सलग दोन दिवस घरी होते.